मदत हवी आहे : मागच्या चाकाचे स्पोक पुन्हापुन्हा तुटतात, टिकाऊ चाक कसे निवडावे?

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. वय ४३, वजन ८८ किलो. गेली दोन वर्षे दर रविवारी माउंटन बाइक घेऊन जांबोटी, कणकुंबी, राजहंसगड आणि कधीमधी वैजनाथ डोंगर या बाजूच्या कच्च्या वाटांवर जातो. अभयारण्याच्या हद्दीत आम्ही शिरत नाही, पण हद्दीबाहेरच्या गाडीवाटाही चाकांचा जीव काढण्यास पुरेशा आहेत. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की पावसाळ्यात वाटेवरची तांबडी माती वाहून गेली की खालचा जांभा उघडा पडतो आणि त्याच्या ओबडधोबड पायऱ्या तयार होतात. उतारावर मागचे चाक अशा पायरीच्या कडेवर आपटले की आवाज कानाआधी कमरेला कळतो.

सायकल २९ इंची चाकांची आहे, सस्पेन्शन फक्त पुढे. मागचे चाक सायकलीबरोबर आलेलेच आहे : ३२ स्पोक, डबल वॉल ॲल्युमिनियमची रिम (आतली रुंदी १९ मिलिमीटर), आट्यांवर बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील आणि डिस्क ब्रेक. टायर २.१ इंची असून आत ट्यूब आहे आणि हवा ४५ पीएसआय ठेवतो.

गेल्या अकरा महिन्यांत मागच्या चाकाचे सात स्पोक तुटले. सातही उजव्या, म्हणजे गिअरच्या बाजूचे, आणि सातही हबजवळच्या वाकणाशी तुटलेले. रिमच्या काठाला दोन ठिकाणी पोचे आले आहेत आणि हबचा ॲक्सल एकदा वाकल्यामुळे बदलावा लागला आहे. गेल्या रविवारी कणकुंबीहून परतताना एकदम दोन स्पोक गेले, चाक फ्रेमला घासू लागले, आणि जांबोटीपर्यंत सायकल ढकलत आणून पुढचा प्रवास दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून करावा लागला.

ज्या दुकानात मी चाक नेतो तिथे दर वेळी एक नवा स्पोक घालून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून देतात आणि पंधरा दिवसांनी त्याच्या शेजारचा तुटतो. आता त्यांचे म्हणणे असे, की रिमच हलकी आहे, ३६ भोकांची रिम घ्या आणि जाड तारा घाला. हे खरे मानावे का? जाड स्पोक म्हणजे मजबूत चाक, हा हिशेब सरळ वाटतो खरा. पण मग गिअरच्याच बाजूचे स्पोक का तुटावेत, हे त्यातून समजत नाही. हब तोच ठेवून काम भागेल का आणि ट्यूबलेस केल्याने काही फरक पडेल का, हेही जाणून घ्यायचे आहे. मागच्या चाकासाठी बारा ते पंधरा हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे, मात्र तो खर्च पुन्हा पुढच्या वर्षी करावा लागू नये.

प्रतिसाद १

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि हौसेने चाके बांधतो. स्पोक नेमका कुठे तुटतो ते तुम्ही लिहिलेत, त्यामुळे सांगणे सोपे झाले. वाकणाशी तुटणारा स्पोक एका दणक्याने तुटत नाही, तो थकून तुटतो. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर असतो, म्हणजे ४० किलोमीटरच्या फेरीत चाक सतरा हजारांहून अधिक वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात जमिनीजवळ आलेल्या स्पोकचा ताण थोडा उतरून पुन्हा चढतो. ताण मुळात कमी असेल, किंवा चाक बांधल्यावर स्पोकचे वाकण हबच्या कडेला नीट बसवलेले नसेल, तर त्याच ठिकाणी बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी थोडी वाढत जाते. तुटलेला तुकडा टाकून दिला नसेल तर भिंगाखाली धरून बघा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग घासल्यासारखा गुळगुळीत आणि उरलेला खरखरीत दिसला, तर माझे म्हणणे पटेल. एक स्पोक या रीतीने गेला की त्याच दिवशी बसवलेले, त्याच ताणावर चाललेले बाकीचेही त्याच वाटेवर असतात. एकेक बदलण्यात अर्थ नाही.

म्हणून जाड स्पोक नकोत. २ मिलिमीटरचा, पण मध्ये १.८ पर्यंत बारीक केलेला डबल बटेड स्पोक घ्या. मधला बारीक भाग ताणाखाली जास्त लांबतो, त्यामुळे दणका बसला तरी स्पोक पूर्ण सैल पडत नाही आणि वाकणावरचा त्रास कमी होतो. निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट, पितळी घ्या. आपल्याकडच्या पावसात ॲल्युमिनियमचे निपल चिकटून बसतात आणि चावी लावली की त्यांचे कोपरे झिजतात. बांधणी दोन्ही बाजूंना तीन-क्रॉस (प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडून जाणारी) हवी, कारण डिस्क ब्रेकचा पीळ स्पोकमधूनच रिमपर्यंत जातो. उजव्या बाजूला ११० ते १२० किलो ताण ठेवावा, मात्र रिम बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडू नये. डावीकडे मग त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो.

३६ भोके वाईट नाहीत, पण २९ इंचात तशा चांगल्या रिम फार मिळत नाहीत, आणि नीट ताणलेले ३२ स्पोक तुमच्या वजनाला पुरतात.

पोचे येण्याचे कारण वेगळे आहे. अरुंद रिम आणि २.१ चा टायर यांच्यात हवेचा साठाच कमी, म्हणून तुम्ही ती ४५ पर्यंत भरता, आणि कडक टायर सगळा मार पुढे चाकाला देतो. आतून २८ ते ३० मिलिमीटर रुंद, वजनाला साधारण ५५० ते ६०० ग्रॅमची रिम घ्या, त्यावर २.३५ किंवा २.४ चा जाड बाजूंचा टायर चढवा. तो फ्रेममध्ये मावतो का, हे आधी पाहा. हलकी रिम घेण्याच्या मोहात पडू नका, ती शर्यतवाल्यांसाठी असते.

खरा खर्च हबवर करा. आट्यांच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत खूप मध्याकडे असते आणि ॲक्सलचा मोठा भाग आधाराशिवाय राहतो. तुमचा वाकला तो यामुळेच. कॅसेटच्या हबमध्ये (यात गिअरच्या चकत्यांचा संच आट्यांवर न फिरवता हबच्या खाचांवर सरकवून बसवतात), विशेषतः शिमानो कंपनीच्या रचनेत, उजवे बेअरिंग बाहेरच्या टोकाला असते. सात गिअरचा शिफ्टर बदलावा लागेल ही भीती नको : आठ-नऊ-दहा गिअरच्या हबवर ४.५ मिलिमीटरची रिंग घातली की सात गिअरची कॅसेट बसते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बहुतेक सहमत आहे, फक्त ट्यूबलेसचे राहिले. करवंदीच्या काट्यांवर आणि दगडात ट्यूब चिमटून होणाऱ्या पंक्चरवर त्याच्यासारखा उपाय नाही, आणि मागे २६-२८ पीएसआयवर चालवता येते. पण टायर प्रथम बसवताना हवेचा एकदम झोत लागतो, तो हातपंपाने मिळेलच असे नाही. पंक्चर बुजवणारा आतला द्रव उन्हाळ्यात काही महिन्यांत सुकतो. त्यामुळे ट्यूबलेस रिम घ्या, पण पहिला महिनाभर ट्यूब घालूनच चालवा, म्हणजे चाकाची बांधणी बसते आहे की नाही हे आधी कळेल आणि एका वेळी एकाच गोष्टीशी झगडावे लागेल. ट्यूबलेस केल्यावरही पिशवीत एक ट्यूब असू द्या. शिवाय चिखल धुताना सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाइप हबवर धरू देऊ नका. ग्रीस निघून जाते आणि बेअरिंग पहिल्याच पावसाळ्यात खरखरू लागते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. खिळ्यांच्या डब्यात तीन तुटके स्पोक सापडले. मुलाच्या भिंगातून पाहिले, तर तिन्हींच्या तोंडावर नखाच्या चंद्रासारखा गुळगुळीत भाग आणि शेजारी खरखरीत पट्टा स्पष्ट दिसला. मग चाक उलटे ठेवून प्रत्येक स्पोकला टिचकी मारली. उजवीकडे कुठे उंच, कुठे मंद असा आवाज येत होता. डावीकडच्या चार स्पोकमधून तर सूर असा निघतच नव्हता, नुसते थड्. मिरजेच्या तंबोरा जुळवणाऱ्याने हे चाक हातात धरले नसते.

तेव्हा कॅसेटचा ३२ भोकांचा हब, ३० मिलिमीटरची रिम, डबल बटेड स्पोक आणि पितळी निपल असे ठरवले आहे. आता अडचण स्पोकच्या लांबीची आहे. दुकानात जुना स्पोक दाखवून तसाच द्या म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद १

चालणार नाही. हबच्या कडेचा व्यास आणि रिमची खोली दोन्ही बदलली, की लांबीही बदलते, शिवाय मागच्या चाकात उजवे आणि डावे स्पोक वेगवेगळ्या लांबीचे लागतात. हब आणि रिम आधी हातात येऊ द्या. दोन जुने स्पोक कापून, त्यांना निपल लावून रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घाला, ताणून धरा आणि निपलच्या खाचेपासून खाचेपर्यंत अंतर मोजा. हबच्या दोन्ही कडांची मापे कॅलिपरने घ्या. ही मापे इथे लिहिलीत तर लांबी काढून देतो. स्पोकची लांबी वाकणाच्या आतून टोकापर्यंत मोजतात, हे दुकानदाराला आवर्जून सांगा.

चाक बांधून झाले की समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या हातमोजे घालून जोरात दाबायला लावा, प्रत्येक जोडी, दोन्ही बाजूंनी. दोन-चार ठिकाणी कड्कड् आवाज येईल. तो निपल आणि वाकणे जागेवर बसल्याचा असतो. त्यानंतर पुन्हा आऊट काढायचा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा ताण तपासून घ्या, आणि ही पहिली फेरी राजहंसगडाच्या डांबरी चढावरच करा, जांभ्यावर नको.