मदत हवी आहे: मावसभाऊ गन घेतोय, कसं थांबवू?

मंडळी, व्हर्जिनियात कोणी आहे का? माझा मावसभाऊ तिकडे एकटाच असतो, डिव्होर्सनंतर पार खचलाय, मागच्या वर्षी स्वतःहून हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाला होता आणि आता म्हणतो गन घेतोय, सेफ्टीसाठी म्हणे! मला वाटलं बॅकग्राउंड चेकमध्ये अडकेल, पण दुकानातून गन घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर मानसिक आजारासाठी सक्तीने भरती केलेल्यांचंच विचारतात, आपणहून गेलेलं धरतच नाहीत. तिथे २०२१ पासून 'मला गन विकू नका' अशा यादीत स्वतःचं नाव टाकता येतं, पण ते त्यानेच करायला हवं ना. ९८८ (तिकडची आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन) नंबर पाठवला तर नुसता अंगठा आला. रेड फ्लॅग ऑर्डरसाठी (धोका असलेल्या माणसाला काही काळ गन ठेवू न देणारा कोर्टाचा आदेश) डायरेक्ट पोलिसांना सांगू की आधी त्याच्याशी बोलू? चिडला तर फोनही घेणार नाही हो. कोणी केलंय का असं?