मदत हवी आहे: २८५ चे टायर ७.५ इंची रिमवर चालतील का?

मंडळी, माझ्या पिकअपला कंपनीचे २६५/६५ आर १७ टायर आहेत (म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच), रिम ७.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला बसते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) ३० मिमी. टायर झिजलेत, म्हणून २८५/७० आर १७ टाकायचा विचार आहे. अडलंय ते रिमपाशी.

या मापाला साधारण ७.५ ते ९ इंच रिम चालते, म्हणजे माझी अगदी काठावर. टायरची रुंदी ८.५ इंची रिमवर मोजलेली असते आणि रिम अर्धा इंच कमी झाली की टायर सुमारे ५ मिमी आकसतो. म्हणजे माझ्याकडे २८५ चा जेमतेम २७५ होणार! त्याचं एवढं वाईट नाही वाटत. पण ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध फुगून तिथेच लवकर झिजेल का? आणि मागे माल भरल्यावर वळणावर साइडवॉल (टायरची बाजू) लचकेल का?

दुसरा पर्याय ८.५ इंची रिम, ऑफसेट १०. हिशोब केला तर चाक बाहेर जवळपास ३३ मिमी येतं, आत उलट ७ मिमी जागा सुटते. मग मडगार्डला घासणं आणि बेअरिंगवरचा ताण आलाच. ऑफसेट ३० चीच रुंद रिम घेतली तर आत १३ मिमी जागा जाते, सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागेल अशी धास्ती.

व्यास साडेपाच सेंटीमीटरने वाढून स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवेल, ते मी धरून चाललोय.

ज्यांनी अरुंद रिमवर हे माप वापरलंय त्यांनी रिकाम्या आणि भरल्या गाडीत हवा किती ठेवता तेही सांगा.