वडिलांचे गाडी चालवणे कमी करण्याचा विषय कसा काढावा?

प्रश्न :
माझे वडील ७८ वर्षांचे असून आजही स्वतः गाडी चालवतात. अलीकडे गाडीच्या एकाच बाजूला नवनवे ओरखडे दिसू लागले आहेत, आणि परवा मी शेजारी बसलेलो असताना सिग्नल हिरवा झाला तरी ते थांबूनच राहिले. मागून हॉर्न वाजल्यावर दचकून त्यांनी गाडी पुढे काढली. विषय काढला की, ‘आजवर एक तरी अपघात झाला आहे का?’ असे विचारतात, आणि त्यावर मी निरुत्तर होतो. त्यांचा मान राखून हे कसे बोलावे?

पहिले उत्तर :
वयाचा उल्लेख टाळा आणि ओरखड्यांविषयी बोला, कारण वय हा त्यांना आरोप वाटेल, ओरखडे मात्र त्यांनाही दिसतात. ते एकाच बाजूला असतील तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. काचबिंदूत कडेची नजर इतकी हळूहळू जाते की ज्याची जाते त्याला पत्ताही लागत नाही, आणि समोरचा तक्ता मात्र तो बिनचूक वाचतो. म्हणून चष्म्याचा नंबर काढून न थांबता दृष्टिक्षेत्राची तपासणी आवर्जून करून घ्यावी. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेनंतर कदाचित गाडी सोडण्याची वेळही येणार नाही.

दुसरे उत्तर :
सगळे एकदम बंद करा म्हणण्याऐवजी रात्रीपासून सुरुवात करावी. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो, शिवाय समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायलाही वेळ लागतो. त्यानंतर पाऊस आणि गर्दीचे चौक टाळता येतील, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांचा वेग जोखून वळण घेणे उतारवयात विशेष अवघड जाते. ते झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तिसरे उत्तर :
वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण किल्लीविषयी बोलण्याआधी त्यांना कुठे कुठे जावे लागते हे त्यांनाच विचारून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी कोण, कोणत्या वेळी नेणार हे ठरवूनच बोलायला बसा. ‘आम्ही आहोत ना’ एवढ्याने भागत नाही, कारण दर वेळी कुणाला तरी विनवावे लागणे हेच माणसाला सर्वांत जास्त लागते. बोलणे एकट्याने, निवांत वेळी करावे. सगळ्या घराने मिळून त्यांना घेरू नये.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नेहमीच्या रस्त्यावर ते वाट चुकत असतील किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडत असेल, तर हळूहळू कमी करण्याचा मार्ग धरू नये. स्मृतिभ्रंशात आपले काही चुकते आहे ही जाणीवच बोथट होते, त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांना आधी कल्पना देऊन गाडी थांबवण्याचे त्यांनीच स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तपासणी होईपर्यंत वडिलांना गाडी चालवू देऊ नये.