आत्महत्यांचाही विचार व्हावा

‘बंदुकीचा प्रश्न पोलिसांचा आहे, डॉक्टरांचा नव्हे’ असे अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंबद्दल म्हटले जाते; हे मत मला पटत नाही, कारण २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या, आणि अशा घरी पोलीस पोहोचतात ते सारे संपल्यावरच. ‘ज्याला मरायचे तो दुसरा मार्ग शोधतोच’ असेही म्हटले जाते. पण तो आवेग अनेकदा काही मिनिटांचा असतो आणि तेवढ्या वेळात उशाशी भरलेले पिस्तूल आहे की नाही, यावर जीव अवलंबून असतो. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल छावणीतच ठेवायला लावली, तेव्हा त्यांच्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही.