मदत हवी आहे: भूशास्त्र, मृदाशास्त्र आणि हवामानशास्त्र यांचा एकत्रित अभ्यास प्रत्यक्षात कसा जुळवावा? (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. दिंडोरी तालुक्यातील एका लहान पाणलोट क्षेत्रात पावसाचे पाणी किती, कुठून आणि किती वेळात मुरते, याचा अभ्यास आम्ही काही शिक्षकांनी मिळून हाती घेतला आहे. माझ्याखेरीज गटात मृदाशास्त्राच्या एक प्राध्यापिका, हवामानाच्या नोंदींवर काम करणारे एक सहकारी आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे एक शिक्षक आहेत. कामाबद्दल कोणाचीही अनास्था नाही. तरीही आमचा अभ्यास म्हणजे चार स्वतंत्र अहवाल एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखा होत चालला आहे.

हा प्रश्न एका विषयाच्या बळावर सुटणारा नाही, हे आम्हा सर्वांना मान्य आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या मुरमात, मांजऱ्या या सच्छिद्र खडकाच्या पोकळ्यांत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत साठते, आणि दोन लाव्हाप्रवाहांमधला लाल मातीचा थर त्याला अनेकदा खाली जाऊ देत नाही. त्यामुळे एका विहिरीला दिवाळीनंतरही पाणी असते आणि हाकेच्या अंतरावरील बोअर कोरडे जाते. पण खडकापर्यंत पोहोचण्याआधी पाण्याला काळ्या मातीतून वाट काढावी लागते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, आणि माती फुगून भेगा मिटल्या की नंतरच्या पावसाचा बराच भाग वरूनच वाहून जातो. म्हणजे जूनमधले २० मिलिमीटर आणि ऑगस्टमधले २० मिलिमीटर विहिरीच्या दृष्टीने सारखे नाहीत. हे गणित मातीचा जाणकार शेजारी बसल्याखेरीज मला मांडता येणार नाही.

खरी अडचण नोंदींची आहे. शासकीय निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, पावसाचा आकडा महसूल मंडळनिहाय रोज मिळतो, आणि मातीचे नमुने शेतागणिक वेगळे असतात. त्यात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे १४ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस १५ तारखेच्या नावावर जमा होतो. आमच्या विहिरीतले पातळीमापक यंत्र मात्र दर तासाला नोंद घेते. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा पाऊस पडण्याआधीच विहीर भरू लागल्याचे दिसले, आणि यंत्र बिघडले आहे की दुरून भेगांवाटे पाणी येते आहे, या वादात अख्खी बैठक गेली. उलगडा झाला तो एका द्राक्ष बागायतदाराच्या वहीमुळे. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या पर्जन्यमापकातला आकडा ते फवारणीच्या नोंदीशेजारी, वेळेसकट लिहितात. (अशा वह्या तालुक्यात किती घरांत पडून असतील, याचा कोणत्याही शोधनिबंधात उल्लेख नसतो.)

मोठ्या प्रकल्पांत हे जुळते, याचे कोयना हे चांगले उदाहरण आहे. १९६७ च्या भूकंपानंतर तेथे अनेक दशके अभ्यास होत राहिला आणि २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले. कोयनेच्या परिसरातील अशा छिद्रांतून निघालेल्या खडकावर भूकंपशास्त्रज्ञांबरोबर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनीही काम केले. मला वाटते, बैठकांपेक्षा अशी एक सामाईक वस्तूच माणसांना एकत्र आणते. पण तेथे केंद्रीय मंत्रालयाचे पाठबळ होते. आमच्याकडे महाविद्यालयाचा किरकोळ निधी आणि सुट्टीचे दिवस आहेत.

तेव्हा माझी विचारणा अशी आहे: आमच्यासारख्या लहान गटाने सर्वांना खरोखर लागेल असे एखादे सामाईक मोजमाप कोणते निवडावे? शिवाय, पदोन्नतीच्या वेळी ज्याच्या त्याच्या विषयातील निबंध मोजले जात असताना, नोंदी गोळा करणाऱ्याला आणि वही देणाऱ्या शेतकऱ्याला श्रेय कसे द्यावे?

प्रतिसाद: कातळवाट

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. आपण पाण्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) विचार करावा. धरणात आणि कालव्यात उघड्यावर राहिलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यामुळे त्यात जड समस्थानिकांचे प्रमाण ताज्या पावसाच्या पाण्यापेक्षा वाढते. विहिरीची पातळी पावसाने वाढली की कालव्याच्या पाझराने, हे त्यावरून बऱ्यापैकी ओळखता येते. दिंडोरीत वाघाड आणि पालखेडसारखी धरणे असताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. वाघाडवरील पाणीवापर संस्थांकडे आवर्तनांच्या, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या, तारखा मिळू शकतील. त्या आधी मागून घ्या. पावसाचा नमुना गोळा करताना बाटलीत पॅराफिन तेलाचा थर ठेवा, नाहीतर बाटलीतच बाष्पीभवन होऊन निष्कर्ष फसतो. या एका मोजमापासाठी हवामानाच्या सहकाऱ्याला, आपल्याला आणि अभियंत्यांना एकाच तक्त्यावर काम करावेच लागेल.

प्रतिसाद: गोदाकाठ

श्रेयाबाबत सांगतो. नमुने घेण्यापूर्वीच एका पानाचा करार करा: कोणती नोंद कोणाची, ती इतरांना कधी खुली होईल आणि लेखकांचा क्रम कसा ठरेल. नोंदसंच स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्यास नोंदी घेणाऱ्याला उद्धृत करता येते. शेतकऱ्याची वही वापरण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि नाव छापायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे. प्रत्येक नोंदीला तारखेबरोबर तासही लिहावा, हे वेगळे सांगायला नको.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कराराचा मसुदा या आठवड्यात गटापुढे ठेवतो. आवर्तनांच्या तारखांचे मला खरोखरच सुचले नव्हते. आता एवढेच विचारायचे आहे की समस्थानिकांच्या चाचणीसाठी महाविद्यालयांकडून नमुने स्वीकारणारी प्रयोगशाळा पुण्यात किंवा मुंबईत कोणाच्या माहितीत आहे का, आणि एका नमुन्यासाठी किती पाणी पाठवावे लागते?