सुपरवायझर स्वतःच काम उरकून टाकतात, काय करावं?

पॅकिंगताई: आमच्या कार्यशाळेत बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ मसाला पॅकिंग करतात. कामगार अडला की आमचे दोन्ही सुपरवायझर एकतर ओरडतात, नाहीतर पाऊच हातातून घेऊन स्वतःच सील करतात. वर्तनतंत्रांवर, म्हणजे न ओरडता काम कसं शिकवायचं यावर, दिवसभराचं व्याख्यान ठेवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

जुना जॉबकोच: व्याख्यानाने मान डोलते, हात नाही. सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या आणि तिथल्या तिथे काय जमलं, काय नाही ते सांगा. मशीनपाशीच, चहाच्या सुट्टीत नव्हे.

सुरुवात कामाचे तुकडे पाडण्यापासून. सुपरवायझरलाच लिहायला लावा. तो लिहील ‘पाऊच सील करणे’. मग त्यालाच सील करायला बसवून बघत राहा: पाऊचच्या तोंडाला लागलेली मसाल्याची पूड पुसायची, तोंड सपाट करायचं, मशीनच्या पट्टीवर सरळ ठेवायचं, दाबायचं, दिवा विझेपर्यंत धरायचं. पूड राहिली की सील सुटतं. बहुतेक ओरडा याच एका पायरीवर होतो आणि ती कुणी शिकवलेलीच नसते.

मदतीचा क्रम असा: आधी थांबा, मग नुसतं बोट दाखवा, मग करून दाखवा, हाताला हात सगळ्यात शेवटी. जमायला लागलं की मदत काढत जा. तोंड कमी चालवा. अमेरिकेत विशेष शिक्षणातले संशोधक मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकात अशाच लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला, तोही फारसं न बोलता.

सातारकर: आमच्याकडे चॉकलेट देतात. चालतं?

जुना जॉबकोच: तिशीतल्या माणसाला चॉकलेट? बालवाडी आहे का ती! ‘पाऊचचं तोंड पुसून सील केलंस, बरोबर’ असं नेमकं आणि लगेच बोला, नुसतं ‘शाब्बास’ मोघम होतं. बक्षीस द्यायचंच तर काय हवं ते त्यालाच विचारा. आणि शिक्षा म्हणून पगार किंवा चहा कापायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगांना सन्मानाने जगण्याचा हक्क दिलाय.

पॅकिंगताई: सुपरवायझर सुधारला हे ओळखायचं कसं?

जुना जॉबकोच: थोडा वेळ बाजूला उभ्या राहा आणि मोजा: मदतीआधी थांबला किती वेळा, नेमकं कौतुक किती वेळा केलं. तो कागद त्याला दाखवा, आणि जमलेलं आधी सांगा, त्यालाही कौतुक लागतंच. हात फारच शिवशिवत असतील तर पहिला आठवडा हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगा.