दम्याचे इंजेक्शन : दीर्घकालीन अनुभव हवे आहेत

माझा दमा इओसिनोफिलिक प्रकारचा (इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढल्याने होणारा) असून, इनहेलर नियमित आणि योग्य पद्धतीने (डॉक्टरांनी समोर घ्यायला लावून तपासले आहे) घेऊनही वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यापायी हाडांची घनता कमी होऊ लागली आहे. आता दर 4 आठवड्यांनी त्वचेखाली 100 मिलिग्रॅम मेपोलिझुमॅब (या पेशी कमी करणारे इंजेक्शन) घेण्याचा सल्ला मिळाला आहे. धूम्रपान नाही, जंतांचा संसर्ग नसल्याची खात्रीही केली आहे. औषध 2015 पासून वापरात असल्याने डोकेदुखी किंवा टोचलेल्या जागेची सूज यांची मला फारशी चिंता वाटत नाही. प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. ज्यांनी हे इंजेक्शन दीर्घकाळ घेतले, त्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पूर्ण सुटल्या का, आणि इंजेक्शन थांबवावे लागल्यावर दमा पूर्वीइतकाच बळावला का?